टिकलीवरचं स्टेशन

परवा आईने एसीचा फिल्टर काढून बाथरूममध्ये धुतला. नळाखाली धरल्याबरोबर त्यातून तपकिरी पाणी वाहू लागलं आणि घरभर ओल्या धुळीचा वास पसरला. दोह्यात मे महिना आलेला मला कॅलेंडरवरून कळत नाही, या वासावरून कळतो. बाहेर शमालचा, म्हणजे वाळवंटातली धूळ घेऊन येणारा वारा सुटलेला असतो. समोरच्या मशिदीचा मनोरा धुळीत पुसट होतो. रस्त्याकडेच्या खजुरांना हिरवे घोस लागलेले असतात, पण त्यांच्याकडे बघायला थांबावं असं ऊन नसतं. आणि मोबाईलवर कॉलेजच्या परीक्षेचं वेळापत्रक येऊन पडलेलं असतं.

याच दिवसांत मला एक शांतता आठवायला लागते. कशी सांगावी, मला नीट जमेल असं नाही. चालू एसी एकदम बंद केल्यावर खोलीत जी पसरते, ती.

कतारमध्ये उन्हाळ्यात कुणी आपणहून एसी बंद करत नाही. आमच्या घरी तो रोज बंद व्हायचा. सूर्य बुडताना होणारी मगरिबची अजान संपली की बाबा उठायचे आणि घरभर फिरून एकेक बटण बंद करायचे. आधी एसी, मग इंटरनेटचं राउटर, मग भिंतीतले मोबाईलचे चार्जर उपसून काढायचे आणि शेवटी ट्यूबलाईट. कारण बाबांचा रेडिओ मीडियम वेव्हचा, आणि या सगळ्या यंत्रांची खरखर त्यात शिरते. ती थांबली की मगच समुद्रापलीकडचं मुंबईचं स्टेशन ऐकू येतं. तेही दिवसा नाही. दिवसभर त्या जागी नुसती शू शू चालू असते. ऊन उतरलं की कुणीतरी लांबून चालत यावं तसा आवाज हळूहळू जवळ येतो, मध्येच मागे सरतो, पुन्हा येतो.

आई पदराने वारा घेत म्हणायची, "गावाकडं लोडशेडिंगनं जीव नको केला, आन् हितं लाईट जात न्हाई तर ती तुमी घालवा!"

"पंधरा मिन्टाचा तर परश्न हाय," बाबा म्हणायचे.

"पंधरा मिन्टात माणूस उकडून निघतंय की."

माझी धाकटी बहीण आर्या तेव्हा नववीत होती. ती इथल्या इंग्रजी शाळेत वाढलेली. घरात मराठी बोललेलं तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. ती जमिनीवर लोळत ओरडायची, "दादा, दिस इज टॉर्चर! बाबा, देअर इज ॲन ॲप फॉर दिस. सेम न्यूज. क्लिअर आवाज."

बाबा रेडिओची एरियल ओढत म्हणायचे, "ॲपमधी समदंच येतंय गं. ह्यात जे येतंय ते लांबनं येतंय."

तो रेडिओ म्हणजे काळ्या प्लास्टिकचा डबा, त्याला टिचबटणाचं चामडी पाकीट. बाबा पहिल्यांदा कतारला आले तेव्हा आम्ही गावीच होतो, सांगलीकडे. ते एकटे दुखानच्या तेलक्षेत्रात, कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचे. आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी दोह्याच्या जुन्या बाजाराच्या, सूक वाकिफच्या बाजूला जाऊन त्यांनी तो घेतला. कॅम्पमध्ये ज्याच्या त्याच्या उशाशी हाच डबा होता, असं ते सांगतात. तोच रंग, तेच पाकीट. संध्याकाळी सगळे डबे एकाच वेळी सुरू व्हायचे आणि एकातून मल्याळम, एकातून बंगाली, एकातून नेपाळी. "डबं एका साच्यातलं," बाबा म्हणतात, "पर प्रत्येकाच्या डब्यात त्याचंच गाव." मला ही गोष्ट लहानपणी नुसती गंमत वाटायची.

काटा कुठे लावायचा हे कळावं म्हणून आईने रेडिओच्या काचेवर आपली एक लाल टिकली चिकटवली होती. मुंबई जिथे लागते, बरोबर तिथे. बाबा अंधारातही चाक फिरवून काटा टिकलीखाली आणायचे. आमच्या घरात मुंबई म्हणजे ती टिकली.

मला ज्या मे महिन्याबद्दल लिहायचं आहे, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे परीक्षा माझी एकट्याची नव्हती. आई मी वाचत बसलो की कुकरची शिट्टी हाताने धरायला जायची. गावाहून काका फोन करून विचारायचे, "पेपर कवा हाय? नारळ फोडायचाय." आणि बाबांना त्या वर्षी फार कमी ऐकू येऊ लागलं होतं, हे मला मागाहून कळलं. ते दुखानला एका ठेकेदार कंपनीत फिटर होते, सगळी वर्षं कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये गेलेली. जूनमध्ये कंपनीची वार्षिक मेडिकल असते. त्यात कान नापास झाले तर आपल्याला माघारी धाडतील, अशी त्यांना भीती होती. आम्ही सगळे त्यांच्याच व्हिसावर. ते गेले की आम्ही गेलो, आणि माझं कॉलेज अर्ध्यात सुटलं. म्हणून ते आम्हा पोरांना काही बोलले नाहीत. त्यांच्या कानांवर माझं काय काय टांगलेलं आहे, याचा मला पत्ता नव्हता. मी उकाड्याने वैतागून टिपणांच्या वहीने वारा घेत होतो.

त्या सत्रात आम्हाला प्रसारमाध्यमांचा इतिहास होता आणि मला निबंधासाठी विषय आला होता घरातल्या पहिल्या रेडिओंचा. विषय मी मागून घेतला नव्हता, पण मिळाल्यावर बरं वाटलं. निदान या विषयात आमच्या घरी एक वस्तू तरी होती.

वाचायला लागलो तसं कळत गेलं की अगदी सुरुवातीला रेडिओ ही घराची वस्तूच नव्हती. हौशी माणसं तारा गुंडाळून स्वतः संच जोडत. त्याला कानावर लावायचे फोन असत, म्हणजे ज्याने तो जोडला तोच ऐकणार. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसणार. बॅटरीतलं ॲसिड सांडून सतरंज्या जळत, म्हणून घरातल्या बायकांचा त्या यंत्रावर राग असे. कुठे कुठे लोक कानाचे फोन एखाद्या मोठ्या वाडग्यात ठेवत, म्हणजे वाडगं घुमून सगळ्यांना थोडं थोडं ऐकू येई. हे वाचून मी थांबलोच. कारण आर्या मोबाईलवर गाणी लावून तो स्टीलच्या पातेल्यात ठेवते आणि आई ओरडते, "भाजीचं हाय ते!"

मग कारखाने आले. एकासारखे एक संच, लाकडी पेटीतले, पुढे प्लास्टिकसारख्या काळपट साच्यातले. पुढच्या बाजूला कर्णा बसवलेला, तार भिंतीत खोचली की सुरू. जोडणारा हौशी माणूस मागे पडला आणि ज्याला यंत्रातलं काहीही कळत नाही त्याच्या घरी रेडिओ गेला. दुकानात रांगेने मांडलेले सारखे संच, आणि प्रत्येक घरात गेल्यावर वेगळा झालेला संच. कुठे त्याच्यावर विणलेला रुमाल, कुठे फुलदाणी. आमच्याकडे टिकली.

पुस्तकात एक जुनं चित्र होतं. त्या काळच्या जाहिरातीतलं असावं. आई, वडील, दोन मुलं, मध्ये रेडिओ. बघण्यासारखं काहीही नसताना सगळे त्या पेटीकडे बघत आहेत. मी निबंधाच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं की रेडिओने घरातली माणसं एकत्र आणली. वाक्य मला आवडलं होतं. आमच्या मॅडमनी ते वाचलं, चित्र माझ्यासमोर सरकवलं आणि इंग्रजीत विचारलं, "यातलं कोण कुणाकडे बघतंय?"

"कुणीच कुणाकडे नाही," मी म्हणालो.

"मग?" त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

मला राग आला होता थोडा. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्या संध्याकाळी घरात अंधार झाला, एसी थांबला, रेडिओचा पिवळा दिवा लागला, आणि मी पहिल्यांदाच रेडिओ ऐकायच्या ऐवजी आमच्या घराकडे बघितलं. आई रेडिओकडे बघत होती. आर्या छताकडे. बाबा आमच्याकडे बघत होते.

रेडिओकडे नाहीच. एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे, एकदा आर्याकडे. आई हळहळली तसे तेही हळहळले. मी मान हलवली तशी त्यांनीही हलवली, पण जराशी उशिरा. पुस्तकातल्या चित्राच्या अगदी उलट. मला छान वाटलं खरं तर. मी मनात म्हटलं, हे निबंधात घालता येईल.

आता वाटतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. आदल्या वर्षी रेडिओचा आवाज वाढत वाढत गेला होता आणि शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली होती. त्यानंतर तो कधी वाढला नाही. पूर्वी बातम्या झाल्या की बाबा त्यावर बोलायचे, सरकारला दोन शिव्या घालायचे. ते बंद झालं होतं. आता ते नुसतं "हं" म्हणायचे. कळण्यासारखं सगळं समोर होतं. पण माणूस रोज समोर असला की त्याच्यात झालेला फरक रोजच्यातच जमा होतो.

मग एक फार धुळीची संध्याकाळ आली. दिवसभर आकाश पिठाच्या रंगाचं होतं, दाराच्या फटीला आईने ओला टॉवेल लावलेला. बाबा दुखानहून आले तेव्हा त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या. तरीही अजान झाल्यावर ते उठले, बटणं बंद केली, चार्जर उपसले, रेडिओ मांडीवर घेतला आणि काटा टिकलीखाली आणला.

बाई गाऊ लागली. मराठी नव्हे, हिंदीही नव्हे. फारसी असावी, आखाताच्या पलीकडची. मागे कसलंतरी तंतुवाद्य.

मी वाकून बघितलं. रोज एसी बंद करून आम्ही जी भट्टी करत होतो, तिच्यात टिकलीचा गोंद पातळ झाला होता. टिकली काचेवरून बोटभर सरकली होती, आणि मुंबईही तिच्याबरोबर सरकून इराणात गेली होती.

आर्याच्या ते लक्षात आलं. तिने ओढणी डोक्यावर घेतली, डोळे मिटले आणि त्या बाईच्या सुरावर तोंड उघडून मिटून गायचा असा काही अभिनय केला की मला हसू आवरेना. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला वाटलं, आता बाबा म्हणतील, अगं काय लागलंय हे, आणि चाक फिरवतील.

बाबांनी आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा खुलला.

"बरी बातमी दिसतीया आज," ते म्हणाले.

आर्याचं तोंड उघडंच राहिलं. ती बाई गातच होती. मला त्या खोलीतला उकाडा अंगावर आल्यासारखा झाला.

आधी आई बोलली. बाबांकडे बघून, ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाली, "व्हय. लई बरी बातमी हाय."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. थोडा वेळ बसले, रेडिओ बंद केला, पाकिटात घातला आणि उठून एसी लावला. यंत्र घरघरायला लागलं. ते गार हवेखाली उभे राहून मान पुसत होते.

स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. ती तव्याशी होती.

"तुला माहीत होतं?"

"मागच्या दिवाळीपासनं." तिने भाकरी उलटली. "त्येंनी शपथ घातलीया. मेडिकल हुईस्तवर पोरांना कळू द्यायचं न्हाई. तुजं ध्यान उडंल म्हणाले, परीक्षा हाय तुजी."

"मग ऐकूच येत नाही तर रेडिओ कशाला लावतात?"

आई माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिली. म्हणाली, "तुमी दोघं एरवी कवा बसता रं त्येंच्यासमोर? तू त्या लॅपटापात, ती त्या मोबाईलात. लाईट घालवल्याबिगर तुमी भायेर येता व्हय?"

आर्या दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजमधून आलो तेव्हा ती भरदुपारी रेडिओ उलटापालटा करत बसलेली. जुनी टिकली नखाने खरवडून काढली होती. आईच्या पाकिटातली नवी टिकली बोटाच्या टोकावर घेऊन ती चाक फिरवत होती, आणि रेडिओतून शू शू शिवाय काही येत नव्हतं.

"दिवसा लागत नाही," मी म्हणालो.

"व्हॉट डू यू मीन दिवसा लागत नाही?"

मी तिला समजावलं. समुद्र, ऊन, लहरी, मला जे निबंधासाठी वाचून कळलं होतं ते. ती टिकली बोटावर घेऊन संध्याकाळपर्यंत थांबली. अजान सुरू असतानाच तिने घरातली बटणं स्वतः बंद केली, चाक केसाकेसाने फिरवलं, आणि मराठी आवाज वर आल्याबरोबर टिकली दाबून बसवली. मग वाटीत पाणी घेऊन आली आणि त्यातला ओला कापसाचा बोळा काचेवर ठेवला, गोंद पातळ होऊ नये म्हणून. हा उपाय किती शास्त्रीय होता मला माहीत नाही.

बाबा येऊन बसले. रोज ती समोर लोळायची, त्या दिवशी त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून बसली. बातम्या सुरू झाल्या. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, ते म्हणतात की धरणामध्ये... वॉटर... पाणी कमी झाला आहे."

बाबांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे, रागाने. आई काचेवरच्या बोळ्याकडे बघत राहिली.

"मला ऐकू येतंय की," बाबा म्हणाले.

"आय नो," आर्या म्हणाली. "पण मला नीट येत नाही ना, बाबा. मराठी. मी जे ऐकते ते बोलते, आणि तुम्ही करेक्ट करा. ओके? शाळेत कोण नाही शिकवत."

रेडिओतला आवाज मागे सरला, पुन्हा आला.

"झाला न्हाई," ते शेवटी म्हणाले. "पाणी कमी झालं."

"पाणी कमी झालं. आणि यात्रासाठी जास्त एसटी सोडणार."

"यात्रेसाठी. जादा एसटी. कुठल्या यात्रेला?"

"वेट, वेट, ऐकू द्या... गेलं! आवाज गेला!"

"येतोय बघ परत. दम धर."

असं ते चाललं. आर्याचं मराठी फार वाईट होतं. कांदा तिच्या तोंडी स्त्री झाला, मंत्री नपुंसक झाले, आणि बाबा एकेक शब्द दुरुस्त करताना हसून हसून भिंतीला टेकले. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. मला आठवतं, मी त्या अंधारात वही उघडली आणि पुन्हा मिटली. अक्षर तर एकही दिसत नव्हतं.

त्या रात्री जेवताना बाबांनी आपणहून विषय काढला. "मेडिकलला खरं सांगतो म्हणतोय," ताटाकडे बघत ते म्हणाले. "पोरगी आता वरडून वरडून समद्या बिल्डिंगला बातम्या सांगायली, लपवायचं काय ऱ्हायलं." मग माझ्याकडे वळले. "झालंच माघारी जायचं, तर तुझं..."

मला मोठं काहीतरी बोलायचं होतं, जमलं नाही. "बघू की," एवढंच म्हणालो. त्यांना ऐकू आलं नसावं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

निबंध मी दिला. रेडिओने माणसं एकत्र आणली, हे वाक्य काढून टाकलं. त्याच्या जागी काय लिहिलं ते इथे सांगत नाही, कारण ते मला अजूनही धड जमलेलं नाही. तेव्हा फार तर इतकंच म्हणता आलं की कारखान्यातून एकसारखा बाहेर पडलेला डबा कशासाठी घ्यायचा, हे ज्याचं त्याने घरी नेऊन ठरवलं. कुणी ऐकण्यासाठी घेतला असेल. कुणी फक्त मध्ये ठेवण्यासाठी.

मेडिकलमध्ये कान नापास झाले. त्यानंतरचे दिवस मला सांगता येणार नाहीत. आई बॅगांवरची धूळ पुसायची आणि पुन्हा पलंगाखाली सरकवायची. फोन वाजला की घरात कुणी हलायचं नाही. बाबा मात्र सगळ्यांना "इन्शाल्ला" म्हणत हिंडत होते. शेवटी कंपनीने त्यांना शेडमधून काढून हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. माघारी धाडलं नाही. बाबा त्या दिवशी घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "लई गप्पगार जागा दिलीया," म्हणाले. तक्रार केल्यासारखं म्हणाले, पण डोळे भरलेले होते.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. खजुरांना पुन्हा घोस लागलेत आणि पुन्हा पेपर तोंडावर आहेत. बाबांना कानाचं मशीन मिळून बरेच दिवस झाले. चांगलं आहे ते. आई स्वयंपाकघरात पुटपुटते तेही आता त्यांना ऐकू येतं, त्यावरून रोज भांडण होतं. मुंबईचं स्टेशन अलीकडे फार क्षीण येतं. काही संध्याकाळी येतच नाही. आर्या बारावीला आहे. तिचं मराठी सुधारलं आहे, सांगलीकडच्या वळणाचं. ती मैत्रिणींशी फोनवर इंग्रजी बोलता बोलता मध्येच "काय सांगायलीस!" म्हणते.

काल मी टेबलाशी वाचत होतो. अजान संपली. बाबा उठले, एसी बंद केला, चार्जर उपसले, दिवा घालवला. मी लॅपटॉप मिटून खाली जमिनीवर जाऊन बसलो. आई आली, हुश्श करत भिंतीला टेकली. बाबांनी रेडिओ मांडीवर घेतला आणि काटा टिकलीखाली आणला. आताची टिकली हिरवी आहे. खूप खरखर झाली, आणि मग तो आवाज लांबून निघाला.

बाबांनी कानातलं मशीन काढलं, पुसलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"बाबा, मशीन?" आर्या म्हणाली.

"ऱ्हाऊ दे खिशात," ते म्हणाले आणि तिला जागा करत उजवीकडे सरकले. "हं. काय म्हणतोय?"

ती त्यांच्या डाव्या खांद्याला टेकली आणि सांगायला लागली.